विचारून वर केलेला हात

मार्गशीर्ष लागला की शहापूरच्या हवेत पेंढ्याचा वास येतो. अगदी बाजारपेठेत उभं राहिलं तरी येतो. नाशिककडे जाणारे ट्रक धूर सोडत असतात, कचेरीबाहेरची झेरॉक्सची यंत्रं घरघरत असतात, आणि त्यातूनही तो कोरडा, किंचित गोडसर, नाकात हुळहुळणारा वास आपली वाट काढून येतोच. माझं माहेर सापगावचं. लहानपणी मी भाताचे भारे रचून केलेल्या उडव्यांमध्ये लपले आहे, अंगभर खाज घेऊन घरी गेले आहे आणि आईचे धपाटे खाल्ले आहेत. भारे आपटण्याचे ते भरीव, ठेक्यातले आवाज ऐकत दुपारी झोपले आहे.

हल्ली मात्र हा वास आला की मला बालपण आठवत नाही. एक निवडणूक आठवते.

माझं उभं आयुष्य राजकारणाच्या बातम्या देण्यात गेलं. मंत्रालयाचे जिने, विधान भवनाच्या पायऱ्या, हिवाळी अधिवेशनातली नागपूरची थंडी, मध्येच कुठे शपथविधीची धावपळ. मी या कामात आले तेव्हा बाई बातमीदार दिसली की पुढारी तिला हमखास महिला मेळाव्याची पत्रिका द्यायचे. मी ती पत्रिका पर्समध्ये टाकायचे आणि विचारायचे, "ते राहू द्या, बंडखोरांचं काय ठरलं?" मग पुढच्या वेळेपासून पत्रिका येणं बंद व्हायचं.

आता मी शहापूरला परत येऊन राहिले आहे. सकाळी गच्चीवरून माहुलीचे सुळके दिसतात, आणि अकराच्या सुमारास कुणा ना कुणा तरुण पत्रकाराचा फोन येतो. प्रश्न ठरलेला. "मॅडम, राज्याचं राजकारण किती बदललं?" त्यांना अपेक्षित उत्तर मला माहीत असतं. पूर्वी सगळं कसं छान होतं, आता सगळं कसं नासलं. ते उत्तर अर्धं खरंही आहे. पक्ष फुटताना मी पाहिले. एका रात्रीत चिन्ह इकडचं तिकडे झालेलं पाहिलं. काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून आज हसणारी माणसं पाहिली. आमदारांना काळ्या काचांच्या गाड्यांतून हॉटेलात नेतात, त्याला आमच्याकडे 'सहल' म्हणतात. सहलीला गेलेल्या माणसाचा फोन बंद असतो, त्याला आम्ही 'नॉट रिचेबल' म्हणतो. हा शब्द मी स्वतः इतक्या वेळा लिहिला आहे की तो मला मराठीच वाटायला लागला आहे.

पण उरलेलं अर्धं उत्तर मुंबईत सापडत नाही. ते मला एका खळ्यावर सापडलं.

त्या हिवाळ्यात पंचायत समितीची निवडणूक झाली होती. शहापूरची की मुरबाडची, ते मुद्दाम सांगत नाही. त्यातली बरीच माणसं आजही रस्त्यात भेटतात आणि आग्रहाने चहा पाजतात. निकाल असा विचित्र लागला की दोन गटांचं बळ अगदी समसमान झालं आणि मध्ये उरली एकटी अपक्ष बाई, चांगुणाबाई. डोंगराच्या पोटाशी असलेल्या ठाकूरवाडीतली. तिच्या वाडीच्या आणि डांबरी सडकेच्या मध्ये एक ओहळ आहे. पावसाळ्यात तो भरला की अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून, कमरेइतक्या पाण्यातून माणसं पलीकडे नेत. चांगुणाबाईची सूनही अशीच नेली होती. त्या ओहळावर साकव, म्हणजे छोटा पूल, व्हावा म्हणून ती निवडणुकीला उभी राहिली. कुठल्याच पक्षाने तिकीट दिलं नाही, कारण ती निवडून येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सभापती कोण होणार ते आता तिच्या एका हातावर ठरणार होतं. हात म्हणतेय ते खरोखरच, कारण सभापतीची निवड हात वर करून होते.

राजधानीत जे चालतं ते तालुक्यात यायला वेळ लागत नाही. निकाल लागल्या संध्याकाळी एक गट समुद्रकाठच्या रिसॉर्टवर गेला, दुसरा थंड हवेच्या ठिकाणी. आणि चांगुणाबाईचा फोन काही लागेना. या गटाला वाटलं तिला त्या गटाने उचललं, त्या गटाला वाटलं या गटाने. एका स्थानिक वाहिनीवर पट्टी फिरायला लागली, 'अपक्ष सदस्या नॉट रिचेबल'. मलाही तसंच वाटलं. तरी सवयीप्रमाणे म्हटलं, आधी घरी जाऊन बघावं.

ती खळ्यावर होती. शेणाने सारवलेलं स्वच्छ खळं, मधोमध लाकडी बाक, आणि दोन्ही हातांत भाताचा भारा धरून चांगुणाबाई तो डोक्यावरून आणून बाकावर आपटत होती. दाणे उडत होते. कपाळावर, भुवयांवर तुसाची धूळ बसली होती.

"अहो चांगुणाबाई, टीव्हीवर सांगतायत तुम्ही गायब झालात!"

तिने भारा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मी? मी हितंच हाय गो बाय. भात पडलाय ना सगला. वाडीत रेंज नाय, त्याला मी काय करू?"

आम्ही दोघी हसत होतो तोच ओहळापलीकडे पांढरी गाडी येऊन थांबली. पुढे रस्ताच नव्हता. एक गृहस्थ ओहळ ओलांडून, पुन्हा पायांत चढवलेले चकचकीत बूट सांभाळत, कापलेल्या भाताच्या सडांतून ठेचकाळत आले. थंड हवेच्या ठिकाणी गेलेल्या गटाचे ते कारभारी. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण आता मागे फिरणार कसे?

"मावशी, चला. चार दिवस फिरून येऊ. उपसभापती तुम्हालाच करायचं ठरलंय. साकवाचं काम तर झालंच म्हणून समजा."

"भात कोन झोडंल?"

"त्याची कशाला काळजी! दहा माणसं पाठवतो. संध्याकाळपर्यंत खळं मोकळं."

चांगुणाबाईने उडव्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "माझा भात तुमच्या मानसांनी झोडायचा, नि मी गाडीत बसून फिरायची? लोका काय बोलतील? आनि लोकांना इचारल्याबिगर मी कशी येऊ? घरोघर जाऊन सांगितलाय मी, तुमाला इचारल्याशिवाय हात वर करनार नाय."

"अहो, ते सगळे प्रचारात बोलतात."

"मी बी प्रचारातच बोलले," ती म्हणाली. त्यात तिला विनोद करायचा नव्हता. ते गृहस्थ मात्र हसले आणि विचार करा म्हणून निघून गेले.

ते गेल्यावर ती मटकन बाकावर बसली. मला वाटलं होतं ही बाई धीराची आहे. "माझा जीव थाऱ्यावर नाय ताय. ही मोठी लोका. उद्या काय करतील, काय नाय." मी काय सांगणार होते? मोठ्या माणसांच्या मुलाखती घेण्याची मला सवय होती. घाबरलेल्या माणसाशेजारी नुसतं बसून राहण्याची नव्हती. मी बसले. थोड्या वेळाने एक भारा उचलला आणि झोडायला लागले. आईने शिकवलेलं हातांना आठवत होतं.

उन्हं कलताना तिचा मुलगा रमेश आला. तो एका गोदामात ठेक्यावर काम करायचा, आणि ते गोदाम पांढऱ्या गाडीवाल्यांपैकीच एकाचं होतं. आल्या आल्या पिशवी फेकून म्हणाला, "आई, उद्याच्या उद्या त्यांच्या गाडीत बस. सुपरवायझर बोलला, आई आमच्या मानसांबरोबर नाय आली तर तू पन कामावर येऊ नको."

"असं बोलला?"

"तोंडावर बोलला. काय जातं तुझं? हात वर करायचाय फक्त. माझा जॉब जाईल ना!"

तिने त्याची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बायकोला झोलीतून नेली तवा पलीकडून दोर कोनी धरला हुता रे?"

त्या दिवशी सगळी वाडी पाण्यात उभी होती, हे त्याला सांगायची गरज नव्हती. पण त्याचा रागही खोटा नव्हता. शहरात जाऊन, बारा ठिकाणी हात जोडून मिळवलेलं काम होतं ते. मला दोघांचंही पटत होतं, आणि बातमीदाराला असं दोघांचंही पटणं फार अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईने निरोप धाडले. आसपासच्या वाड्यांना आणि दोन्ही गटांना निरोप एकच. परवा सकाळी खळ्यावर या, काय करणार ते सगळ्यांसमोर सांगा, मग लोक ठरवतील.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. डोंगरावरचं धुकं विरत होतं. खाचरांत वालाची कोवळी पानं वर आली होती. बायका झोडणी सोडून आल्या होत्या, त्यांच्या केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या. पांढऱ्या गाडीवाल्यांनी कुणालाच पाठवलं नाही. फक्त निरोप आला, पद घ्यायचं असेल तर गाडी तयार आहे.

आणि ओहळातून, चपला हातात घेऊन, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दुसऱ्या गटाचे सभापतिपदाचे उमेदवार आले. निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मोरेश्वर गुरुजी म्हणत. गुरुजींच्या अंगात मोठमोठ्या फुलांचा, पोपटी रंगाचा शर्ट होता. समुद्रकाठच्या रिसॉर्टवर सगळ्या सदस्यांना तसे शर्ट वाटले होते, आणि गुरुजी पहाटे तिथून कुणालाही न सांगता एसटीत बसले होते. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गुरुजींनी शर्टाकडे पाहिलं आणि तेही हसले. "बदलायला घरी गेलो असतो तर आमच्याच लोकांनी परत धरून नेलं असतं. इथं रेंज नाय ते बरं. आज मीच नॉट रिचेबल!"

मग ते गंभीर झाले. "साकव देतो असं मी बोलणार नाही. ते एकट्या माझ्या हातात नाही. ठराव घेईन, वर पाठपुरावा करीन, आणि काय झालं ते याच खळ्यावर येऊन सांगेन."

मागून एक म्हातारी ओरडली, "नाय आलात तर?"

"तर पुढच्या वेळेला मला इथं पाणी पाजू नका."

ते बाजूला जाऊन बसले आणि वादावादी सुरू झाली. मला ती सभा एकमुखी, गोड झाली असं सांगता येणार नाही. वाडीतले जाणते धर्माबुवा काठी टेकत उठले. "पद चालत घरात येतंय. आपल्या वाडीला कवा भेटलाय पद? सोडू नका." काही तरुणांना ते पटलं. एक बाई म्हणाली, "जो हितवर येत नाय, तो पद काय देनार? उद्या काढून घेल." कुणी म्हणालं दोघंही सारखेच. आवाज चढले. एकदा तर चांगुणाबाई रडवेली झाली. शेवटी हात वर झाले. गुरुजींच्या बाजूने जास्त, पण सगळे नाहीत. धर्माबुवांनी हात वर केला नाही. मागे उडव्याला टेकून बसलेल्या रमेशने तर कुणाच्याच बाजूने केला नाही.

"झाला," धर्माबुवा म्हणाले. "जास्तीचा जो निकाल तो माझा पन. चांगुणा, आता घाबरू नको."

विधानसभेत मी कितीतरी मतदानं पाहिली. हरलेल्या बाजूने इतक्या सहजपणे निकाल आपला म्हटलेला क्वचितच पाहिला.

निवडीच्या दिवशी दोन्ही सहलींच्या बसगाड्या पंचायत समितीच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. सदस्य उतरले तसे त्यांच्याभोवती कार्यकर्त्यांचं कडं झालं, आणि त्या कड्यातूनच त्यांना आत नेलं. चांगुणाबाई जीपमधून आली. वाडीतल्या बायका दाटीवाटीने तिच्याबरोबर बसल्या होत्या. मागच्या फळीवर उभा राहून रमेशही आला होता. तो कुणाशी बोलत नव्हता, पण आईची पिशवी त्याच्याच खांद्याला होती.

सभागृहात अधिकाऱ्यांनी पहिलं नाव वाचलं, पांढऱ्या गाडीवाल्यांच्या उमेदवाराचं. हात वर झाले, मोजले गेले. चांगुणाबाईचे दोन्ही हात टेबलावर होते. मग गुरुजींचं नाव वाचलं. तिने हात वर केला. अर्धवट नाही, कोपरातून वाकवून नाही. खळ्यावर भारा उचलतात तसा, सरळ डोक्याच्या वर. त्या हातावर पेंढ्याने काढलेले ओरखडे होते आणि काचेच्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. माझ्या शेजारचा छायाचित्रकार फोटो घ्यायचाच विसरला. मी त्याला कोपराने ढोसलं, पण माझेही डोळे भरले होते.

गुरुजी निवडून आले. बाहेर गुलाल उधळला गेला. चांगुणाबाईने कपाळाला तेवढा लावून घेतला आणि परतीच्या जीपमध्ये बसली, कारण अजून निम्मं उडवं झोडायचं होतं.

रमेशचं काम गेलं. गोदामवाल्यांनी शब्द पाळला म्हणायचा. तो हिवाळा त्या घराला कठीण गेला. पौषात मी मुरबाडकडच्या म्हसा गावच्या यात्रेला गेले होते. बैलांच्या बाजारात धुरळा उडत होता, घोंगड्यांचे ढीग लागले होते, कढईतून जिलेबी निघत होती. तिथे एका बैलवाल्याच्या हाताखाली रमेश रोजावर राबताना दिसला. मला वाटलं हा तोंड फिरवेल. तो हातातला कासरा खुंटीला बांधून स्वतःहून पुढे आला.

"राग गेला का रे आईवरचा?" मी विचारलं.

"राग हाय थोडा," तो म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पन ताय, सकालपासून किती लोकांनी इचारला. सोगावपासून, धसईपासून आलेली लोका. तू चांगुणाबाईचा पोरगा ना? असं इचारतात नि चहा पाजतात. गोदामात मला नंबरानी हाक मारायचे."

साकव झाला, पण लगेच नाही. फाइल अडली, सुटली, परत अडली. गुरुजी दिलेल्या शब्दाप्रमाणे दरवेळी खळ्यावर येऊन सांगायचे. कधी सांगायला काहीच नसायचं, तरी येऊन तेवढंच सांगायचे. पुढे तेच गुरुजी वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या पक्षात गेले. ते कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. वाडीला फारसं वाटलं नाही. साकवावरून आता शाळेची पोरं सायकली हाकतात. गेल्या पावसात एक बाळंतीण त्याच्यावरून रिक्षाने गेली.

तरुण पत्रकार विचारतात तेव्हा हे सगळं फोनवर कसं सांगू? पूर्वीचं राजकारण सभ्य होतं हे खरं. पण त्या सभ्य काळात या वाडीत मतदानाच्या आदल्या दिवशी एखादा कार्यकर्ता यायचा, कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते सांगायचा आणि वाडी मारायची. कुणी काही विचारत नव्हतं म्हणून वर सगळं शांत होतं. आता वर गोंधळ आहे, लाज वाटावी असा गोंधळ आहे. आणि खाली, माझ्या दोन तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर, माणसं तोंड उघडू लागली आहेत. एकाच काळात दोन्ही घडलं. मी दोन्ही पाहिलं. मोठमोठ्या शपथविधींना हजर होते याचा मला काडीचाही अभिमान नाही. त्या खळ्यावर, तुसाच्या धुळीत हजर होते याचा फार आहे.

यंदा पुन्हा निवडणुकीची हवा आहे. गेल्या आठवड्यात मी वाडीत गेले. झोडणीला आता काही ठिकाणी यंत्र येतं, त्याचा भसाभस आवाज थांबवून लोक खळ्यावर जमले होते. चांगुणाबाईचे केस पांढरे झाले आहेत. पुढच्या गोणपाटावर ती बसली होती. या खेपेलाही तीच उभी राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, आणि तिनेही. धर्माबुवा आता नाहीत. रमेश लोकांना बसायला जागा करून देत होता.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. मनीषा तिचं नाव, पलीकडच्या पाड्यावरची, शहापूरला कॉलेजात शिकते. आवाज घाबरलेला, पण थांबली नाही.

"काकी, साकव तुमच्यामुले झाला, ते सगल्यांना माहीत हाय. पन त्याच्यानंतर आमच्या पाड्यावर तुमी किती वेला आल्या? आमची शाला बंद पडली, तवा तुमी कुठं होत्या?"

कुणीतरी "ए पोरी, खाली बस" म्हणालं. चांगुणाबाईचा चेहरा लाल झाला. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिला राग आला होता, चांगलाच आला होता. तिने त्या मुलीकडे रोखून पाहिलं, मग समोर जमलेल्या माणसांकडे पाहिलं. कुणीही नजर खाली घातली नव्हती.

"तिला बसवू नका," ती म्हणाली. "खरा बोलली ती. नाय आले मी. शालेचा मला कलला पन उशिरानं." तिला ते जड जात होतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पुढच्या गोणपाटावरून बाजूला झाली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली.

"ये गो, पुढं ये. हितं बस. शालेचा काय झाला, ते सगल्यांना नीट सांग."

मनीषा पुढे आली. एकदा चांगुणाबाईकडे पाहिलं, आणि बोलायला लागली.